मदत हवी आहे: उबंटूवर जीएसएम मोडेमचा सिरीयल पोर्ट येतो आणि लगेच गायब

नमस्कार मंडळी,
शेतावर लाईट कधी येईल कधी जाईल काही नेम नाही, म्हणून लाईट आली की मोबाईलवर एसएमएस यावा एवढंच करायचंय. जुना लॅपटॉप, उबंटू 22.04, त्याला सीएच340 चिपवाल्या यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टरनं सिम800सी मोडेम (सिम टाकून एसएमएस पाठवणारं मॉड्यूल) जोडलाय. चार्जर चालू झाला की बंद हे स्क्रिप्टला बरोबर कळतं, तिथे काही अडचण नाही, घोडं अडलंय ते मोडेमशी बोलण्यावर.

कन्व्हर्टर लावला की डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) 'टीटीवाययूएसबी0' या सिरीयल पोर्टला जोडला असं येतं आणि लगेच खाली डिसकनेक्टेड. एलएसयूएसबीच्या यादीत (जोडलेली यूएसबी उपकरणं) मात्र दिसत राहतो!! केबल बदलली, दुसऱ्या पोर्टात लावून बघितलं, माझं युजरनेम डायलआउट ग्रुपमध्ये (सिरीयल पोर्ट वापरायची परवानगी असलेला) टाकून लॉगआउट-लॉगिनपण केलं. हाच कन्व्हर्टर भावाच्या विंडोजवर व्यवस्थित चालतो, म्हणजे खराब नाहीये. काय बघू अजून?

प्रतिसाद १
डीमेसेजमध्ये त्या डिसकनेक्टच्या वरची ओळ वाचा, तिथे बीआरएलटीटीवाय असं नाव दिसतंय का? दिसत असेल तर काम झालं. ते अंध लोकांच्या ब्रेल डिस्प्लेसाठीचं सॉफ्टवेअर आहे, काही ब्रेल डिस्प्लेंमध्ये हीच चिप असते त्यामुळे दोघांचा यूएसबी आयडी सेम, 1ए86:7523, आणि ते तुमचा कन्व्हर्टर आपलाच समजून ओढून घेतं. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर ॲप्टनं ते पॅकेज रिमूव्ह करा आणि कन्व्हर्टर काढून परत लावा. जमल्यास मोडेममॅनेजर सर्व्हिसपण बंद ठेवा, ती कधीकधी नवीन पोर्ट दिसला की मधेच स्वतःचे एटी कमांड (मोडेमला द्यायच्या सूचना) पाठवत बसते.

धागाकर्ता
अगदी तीच ओळ होती! काढून टाकलं, आता पोर्ट टिकतोय. पण मिनिकॉममध्ये (सिरीयल पोर्टवर बोलायचा प्रोग्राम) एटी टाईप करून एंटर मारलं तरी समोरून ढिम्म काही नाही. आरएक्स-टीएक्स (डेटा घ्यायची-पाठवायची पिन) एकाची दुसऱ्याला अशा उलट जोडल्यात, ग्राउंड कॉमन आहे, स्पीड 9600.

प्रतिसाद २
मिनिकॉमचा नेहमीचा घोळ. हार्डवेअर फ्लो कंट्रोल बाय डिफॉल्ट चालू असतो, तुमच्या तर तीनच वायरी, मग तो सीटीएसची ('पाठव' असं सांगणारी वेगळी वायर) वाट बघत बसतो. कंट्रोल-ए मग ओ, सिरीयल पोर्ट सेटअपमध्ये जाऊन एफ दाबून नो करा. आणि उद्या स्क्रिप्टमधून इकोनं कमांड पाठवाल तेव्हा शेवटी कॅरेज रिटर्न द्या, नुसती न्यूलाईन मोडेमला पुरत नाही, त्यात बरेच जण अडकतात.

धागाकर्ता
ओके आलं ओके!! सीपिनला (सिम तपासायची कमांड) रेडी येतंय. सीरेग (नेटवर्कची स्थिती सांगणारी कमांड) मात्र 0,2 वरच, मोडेमवरची लाईट भराभर लुकलुकतेय, आणि मधेच मोडेम रीस्टार्ट होतो. सिम 4जीचं आहे, माझ्या फोनमध्ये मस्त चालतं.

प्रतिसाद १
0,2 म्हणजे अजून नेटवर्क शोधतोय. सिम800 फक्त 2जी बोलतो, तेव्हा ज्या कंपनीकडे 2जी नाहीच तिचं सिम फोनमध्ये कितीही पळालं तरी इथे लागणार नाही, तुमच्या शेतावर 2जी रेंज देणाऱ्या कंपनीचं घ्या. रीस्टार्टचं कारण बहुतेक पॉवर. नेटवर्क शोधताना हा क्षणभर 2 अँपिअरपर्यंत ओढतो, कन्व्हर्टरच्या 5 व्होल्ट पिनवर चालवत असाल तर व्होल्टेज पडणारच. वेगळा सप्लाय द्या, मोडेमच्या पिनांजवळ 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, ग्राउंड तेवढा कॉमन राहू द्या. सप्लाय किती व्होल्टचा ते बोर्डवर बघून ठरवा, नुसत्या मॉड्यूलला 4 च्या आसपास लागतात, थेट 5 दिलेत तर जळेल.