शब्दचर्चा: विमानाच्या 'ड्रॅग'ला ओढ म्हणावं, रोध की कर्षण?

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांवर लेख लिहितेय. स्पिटफायर मार्क ९ आणि मस्टँग पी-५१बी, दोघांतही मर्लिन घराण्यातलंच इंजिन. तरी स्पिटफायरचा कमाल वेग ताशी सुमारे ६५५ किमी आणि मस्टँगचा सुमारे ७०० किमी. मस्टँगचा पंख वेगळ्या घडणीचा होता हे खरं, पण रेडिएटरच्या ड्रॅगचाही, म्हणजे हवा मागे खेचते त्या जोराचाही, यात मोठा हात आहे. या ड्रॅगला मी 'कर्षण' लिहिलंय आणि दर वेळी तिथेच अडखळते. 'रोध' चालेल का?

— कर्षण नकोच. कृष् म्हणजे ओढणं, नांगरणं. वाचणाऱ्याला वाटेल इंजिन विमानाला पुढे खेचतंय. रोध समजतो, पण विजेच्या तारेत तो फार रुळलाय. मी 'ओढ' लिहीन.

— ओढ म्हटलं की माहेरची ओढ आठवते हो. विमानाला कसली ओढ?

— नदीत उतरणाऱ्याला 'जपून, पाण्याला ओढ आहे' असं सांगतातच ना? आणि 'पावसाने ओढ दिली' म्हणजे यायचा तो मागे राहिला. मागे खेचण्याचा, मागे राहण्याचा अर्थ या शब्दात आधीपासून मुरलेला आहे, नव्याने घडवायची गरजच नाही.

— माझंही मत ओढीला, कारण तिला 'रेटा' (पुढे ढकलणारा जोर, थ्रस्ट) ही जोडी मिळते, आणि रेडिएटरच्या बाबतीत या जोडीवाचून भागत नाही. इंग्लंडात फार्नबरोच्या संशोधन केंद्रात मेरेडिथ यांनी १९३५ मध्ये हे मांडलं. रेडिएटर उघड्यावर टांगू नका, नळीत बसवा. नळी आत रुंद होत गेली की हवा मंदावते आणि तिचा दाब वाढतो. मंद हवा जाळीतून जाताना ओढ कमी लागते. तिथे ती तापते, फुगते आणि मागच्या अरुंद तोंडातून जोरात बाहेर पडते. हा रेटा बरीचशी ओढ फेडतो. आता 'रोध' लिहून बघा: 'रोध कमी होत होत त्याचा रेटा झाला' हे कानाला पटत नाही. ओढ आणि रेटा मात्र समोरासमोरच्या दिशा आहेत.

लेखात एक आकडा जरूर द्या. वेग १० टक्के वाढवायचा तर ताकद सुमारे ३३ टक्के जास्त लागते. म्हणून नुसतं इंजिन वाढवण्यापेक्षा ओढ कमी करणं इतकं मोलाचं.

— यात एक गोष्ट जोडतो. मस्टँगच्या पोटाखाली वाकून पाहिलं तर रेडिएटरसाठी हवा घेणारं तोंड पोटाला चिकटलेलं नसतं, मध्ये फट दिसते. पोटाला घासत येणारी मंद, विस्कटलेली हवा त्या फटीतून बाजूला जाते आणि नळीत स्वच्छ हवा शिरते. स्पिटफायरच्या पंखाखालच्या रेडिएटरच्या पेटीला ही सोय नव्हती. पंखालगतची मंद हवाही तिच्यात शिरायची. दिल्लीत पालमच्या वायुसेना संग्रहालयात स्पिटफायरच्या या पेट्या बघता येतात. तिथेच टेम्पेस्ट हे लढाऊ विमानही आहे. त्याचं इंजिन हवेने थंड होणारं, म्हणून रेडिएटर नाही, पण नाक केवढं रुंद!

आणि 'रेडिएटर' हाच शब्द फसवा आहे. त्यातली उष्णता प्रारणाने (रेडिएशनने) फारच थोडी जाते, जवळजवळ सगळी वाहती हवा नेते. पण तो आता घरातला शब्द झालाय, त्याला हात लावू नका.

— पटलं. वाक्य असं केलं: 'मस्टँगच्या रेडिएटरची बरीचशी ओढ त्याच्यातूनच निघणाऱ्या गरम हवेचा रेटा भरून काढी.' आता फक्त हवा घेणाऱ्या भागाला शब्द हवा. 'वातमुख' कसं वाटतं?

— नुसतं 'तोंड' लिहा. वर सगळ्यांनी तेच वापरलंय आणि कुणी अडखळलं नाही.