मदत हवी आहे: रात्री कूस बदलून आईची कंबर गेली, दोन तासांचं अंतर वाढवता येईल का?

वडील ६४, वजन ७२ किलो, टी-५ला (छातीच्या पाचव्या मणक्यापाशी) मज्जारज्जूची इजा, पाच महिने झाले. घाटकोपरला चाळीत एक खोली. रात्री दर दोन तासांनी कूस, शिवाय बाराला आणि चारला कॅथेटर (लघवी काढायची नळी). सगळं आईच करते. नर्सिंग ब्यूरोचा वॉर्डबॉय रोज परवडत नाही. हवेची गादी आहे, बेडसोर अजून नाही.

उत्तर १
आधी गादी तपासा. पंप चालू ठेवून माकडहाडाच्या बरोबर खाली, गादीखालून हात घाला. हाड हाताला टेकलं तर हवा कमी आहे; मध्ये इंचभर तरी हवी. वर गोधडी, दुपट्याच्या घड्या नकोत, एकच सैल चादर.

मग दोनाचे अडीच तास करा, तीन-चार रात्री तेवढंच. दर वेळी टॉर्चने माकडहाड, खुबे, घोटे, टाचा पाहा. लाल डाग दाबून पांढरा होत नसेल किंवा अर्ध्या तासात जात नसेल, तर परत दोनावर या आणि त्या बाजूवर झोपवू नका. सावळ्या अंगावर लाली कळत नाही. तिथे गरम किंवा टणक लागतं का ते बघा. पूर्ण कुशीवर नको, ३० अंश पुरे. पोटरीखाली उशी, टाचा अधांतरी.

उत्तर २
आई ओढत असणार. ओढल्याने तिची कंबर जाते आणि त्यांची कातडी सोलते. पलीकडचा हात छातीवर, पलीकडचा गुडघा वाकवायचा, खांद्यामागे आणि खुब्यामागे हात घालून स्वतःकडे वळवायचं. आईचा एक गुडघा पलंगावर. जोर हाताचा नको, अंग मागे झुकवायचं. हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत फिजिओथेरपिस्टकडून एकदा समोर करून घ्या.

प्रश्नकर्ता
हो, काखेत धरून ओढते. बारा-चारचं काय?

उत्तर ३
तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मापी भांड्यात मोजून लिहा. ४०० मिलीच्या आत राहत असेल, तर डॉक्टरांना वही दाखवून ११ आणि ५ करता येईल. सातनंतर पाणी घोटभरच, कमी केलेलं दिवसा भरून काढा. दुपारी पाय उंच ठेवून पडू द्या. पायात साचलेलं पाणी रात्री मूत्राशयात उतरतं.

पण टी-५ आहे, हे विसरू नका. इतक्या वरच्या इजेत लघवी तुंबली की बीपी एकदम चढू शकतं. अचानक डोकं ठणकलं, तोंड लाल झालं, मानेला घाम आला तर लगेच बसतं करा, कपडे सैल करा, कॅथेटर घाला. अशी इजा असलेल्यांचं वरचं बीपी एरवी १००च्या आसपास असतं, त्यामुळे १३०सुद्धा जास्त. दर पाच मिनिटांनी मोजा. उतरत नसेल तर थेट हॉस्पिटल.