हळदी-कुंकू बदक पाहुणं नव्हे, इथलंच आहे

'हळदी-कुंकू बदकं थंडीत येतात आणि उन्हाळ्यात उत्तरेला परत जातात' असं कुणीतरी लिहिलंय, ते पटलं नाही. तसं येणं-जाणं थापट्या आणि तलवार बदकांचं. हळदी-कुंकू आपल्याकडे बारमाही. फार तर तळं आटलं की दुसरं पाणी गाठतं. बेळगावजवळच्या राकसकोप जलाशयावर थंडीत ही सगळी बदकं एकत्र दिसतात, त्यामुळे गल्लत होत असावी.

घरटं मात्र पाण्यात शोधू नका, ते काठच्या गवतात जमिनीवर असतं. आमच्या येळ्ळूरकडच्या शिवारात बांधावर पाहिलंय: वाळक्या गवताची उथळ वाटी, आत मादीच्या छातीची करडी लव. चरायला जाताना ती अंडी त्याच लवेनं झाकून जाते, दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. साधारण 24 दिवसांनी पिल्लं निघतात आणि अंग सुकलं की लगेच आईमागून पाण्यात.

आणखी एक गोष्ट. विणीनंतर यांची उडायची पिसं एकदमच झडतात. नवी येईपर्यंत काही आठवडे उडताच येत नाही, लव्हाळ्यात दडून राहतात. तेव्हा बदक उडत नाही म्हणून जखमी समजून धरू नका. आणि कुत्री तेवढी लांब ठेवा, कृपया.