पद्मिनीचं आयडलिंग: आधी रॉड सोडवा

तुमची पद्मिनी (प्रीमियर कंपनीची जुनी कार) गरम झाली की कधी पेडलवरून पाय काढला तरी रेस धरून ठेवते, कधी सिग्नलला बंद पडते, आणि मेकॅनिक दर वेळी आयडलचा (पेडल न दाबता इंजिन ज्या वेगाने फिरतं त्याचा) स्क्रू फिरवून देतो. माझं मत स्पष्ट आहे: लिंकेज (पेडलपासून कार्बोरेटरपर्यंतचा रॉड आणि सांधे) तपासल्याशिवाय त्याला कार्बोरेटरला हात लावू देऊ नका. (सीबी पॉइंटचा, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या कॉन्टॅक्ट ब्रेकरचा, गॅप आणि ठिणगीचं टायमिंग नीट आहे असं धरून चालतो.)

इंजिन चांगलं गरम करा, चोक अजिबात लागलेला नाही ना ते बघा आणि अ‍ॅक्सिलरेटरचा रॉड थ्रॉटलच्या (कार्बोरेटरमधल्या झडपेच्या) लिव्हरपासून सोडवा. रेस लगेच उतरली तर दोष रॉडमध्ये, त्याच्या सांध्यांत नाहीतर पेडलमध्ये. नाही उतरली तर रिटर्न स्प्रिंग बघा आणि थ्रॉटलचा स्पिंडल (झडपेची दांडी) बोटांनी वरखाली हलवून पाहा. घासलेल्या बुशातून (स्पिंडल ज्यात फिरतो त्या नळीतून) हवा ओढली जात असेल, तर कुठलाच स्क्रू कामाचा नाही.

रॉड सुटलेला असतानाच सोलेक्स कार्बोरेटरचं सेटिंग करा. मिक्स्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) हळूहळू आत घ्या, इंजिन अडखळलं की थोडा बाहेर, मग स्पीड स्क्रूने (तोच आयडलचा स्क्रू) रेस उतरवा. हे आलटूनपालटून करावं लागतं. मिक्स्चर स्क्रू कधीही करकचून आवळू नका, टोकाला खाच पडते. शेवटी इंजिन बंद करून रॉड पक्का जोडा, पण तो ताणलेला न राहता त्याला किंचित ढील राहू द्या, आणि कुणाला तरी पेडल पूर्ण दाबायला लावून बटरफ्लाय (थ्रॉटलची चकती) पूर्ण उघडतोय ना, ते बघा.