‘हल्ला’, ‘हमला’ आणि ‘सरकारी कामात अडथळा’

प्रश्न : अग्निशमन दलाच्या जवानाला किंवा १०८ च्या डॉक्टरला मारहाण झाली की बातमीत ‘सरकारी कामात अडथळा आणल्याप्रकरणी गुन्हा दाखल’ असंच येतं. डोकं फुटलं तरी अडथळाच? कायद्यात दुसरा शब्द नाही का?

प्रतिसाद : आहे. निव्वळ अडथळा हा वेगळा आणि सौम्य गुन्हा. जुन्या भारतीय दंड संहितेत (भादंवि) कलम १८६, आता भारतीय न्याय संहितेत कलम २२१. कैद फार तर ३ महिने. बंबाच्या वाटेत गाडी लावून हटायला नकार दिला, तर तो अडथळा. अंगावर धावून गेलं की भादंविचं कलम ३५३ लागायचं, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी न्याय संहितेचं कलम १३२. जुन्या दंड संहितेच्या मराठी पाठात तिथे ‘हमला किंवा फौजदारीपात्र बलप्रयोग’ असे शब्द आहेत. पोलीस ठाण्यात आणि बातम्यांत मात्र ३५३ चंच बोलीतलं नाव ‘सरकारी कामात अडथळा’ पडलं आणि मारहाण त्या नावाखाली झाकली गेली. मला हे फार खटकतं.

प्रतिसाद : ‘हमला’ म्हणजे आपला रोजचा ‘हल्ला’ नव्हे. हल्ला म्हटलं की फटका बसलेला असतो. हमल्यात स्पर्शही लागत नाही. आता हा मारणार अशी भीती वाटेल असा हावभाव पुरे. संहितेतलीच उदाहरणं पाहा : कुणावर मूठ उगारणं, चावऱ्या कुत्र्याचं मुसकं सोडायला लागणं. नुसती शिवीगाळ मात्र हमला नाही. ‘मला लागलं नाही, मग तक्रार कशाची द्यायची?’ असं म्हणून कॅज्युअल्टीतले निवासी डॉक्टर गप्प बसतात, त्यांना हा फरक कुणीतरी सांगायला हवा.

प्रश्न : खासगी रुग्णालयातल्या सिस्टरना हे लागू?

प्रतिसाद : १३२ मध्ये ‘लोकसेवक’ हा शब्द कळीचा. पालिकेचा फायरमन लोकसेवक, कारण स्थानिक प्राधिकरणाच्या नोकरीतली माणसं त्या व्याख्येत येतात. खासगी रुग्णालयातली परिचारिका येत नाही. तिच्यासाठी महाराष्ट्राचा २०१० चा वैद्यकीय सेवा व्यक्ती व संस्थांबाबतचा कायदा आहे : ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिवाय मोडतोडीच्या दुप्पट भरपाई. त्यातल्या ‘हिंसाचारा’त धाकदपटशा आणि अडथळाही धरलाय. म्हणजे शब्द तिथे ऐसपैस आहे.

प्रश्न : आणि ‘गंभीर दुखापत’?

प्रतिसाद : कायद्याच्या मराठीत ‘जबर दुखापत’. जखम किती भयंकर दिसते यावर ती ठरत नाही, यादीवर ठरते. हाड मोडलं किंवा दात पडला, तर जबर. तीव्र शारीरिक वेदना किंवा नेहमीचे व्यवहार न करता येणं पूर्वी २० दिवस टिकावं लागे, आता १५. लोकसेवकाला कर्तव्यावर असताना साधी दुखापत केली तर न्याय संहितेच्या कलम १२१ खाली ५ वर्षांपर्यंत कैद. जबर असेल तर किमान १ आणि कमाल १० वर्षं. तेव्हा दात पडलेल्या जवानाच्या बातमीत ‘किरकोळ मारहाण’ लिहू नये.