ओतेरा म्हणजे देऊळ की विहार?

पाणपोई: टोकियोत यानाका भागात राहतो, इथे गल्लोगल्ली जुनी देवळं. घरामागच्या एका छोट्या ओतेरात (इथलं बौद्ध प्रार्थनास्थळ) संध्याकाळी चक्कर मारतो, कोणी नसतं, गवत उपटणाऱ्या एक आजी आणि लाल लाळेरं बांधलेले दगडी जिझो, म्हणजे बोधिसत्त्वाच्या मूर्ती, बस्स. आईला लिहिलं 'देवळात जाऊन आलो' तर मावसभाऊ ग्रुपवर लगेच, बुद्धाचं देऊळ नसतं, विहार म्हण. पण मागे अख्खं कबरस्तान आहे हो, विहार म्हटल्यावर ते डोळ्यापुढे येतच नाही. काय लिहू?

कडूकारलं: भाऊ बरोबर आहे. देऊळ आलं देवकुलावरून. देवच नाही तर कुल कुणाचं?

तिरपागडा: देव नाही कसे? तिकडची बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती. टोकियोतच शिबामाताला ताइशाकुतेन आहे, तो चक्क इंद्र, आणि देऊळ बौद्धच. 'तेन' म्हणजेच देव. आपल्याकडे इंद्राचं देऊळ दाखवा बरं एक.

कडूकारलं: मग जिंजाला, म्हणजे शिंतो धर्माच्या देवस्थानाला, काय म्हणाल? तेही देऊळच? 1868 ला मेइजी सरकारने बौद्ध आणि शिंतो दोघांची फारकत करून दिली, तुम्ही मराठीत परत एका दावणीला बांधा.

खडीसाखर: विहार तरी कुठे चपखल बसतो, लेण्यांमध्ये विहार म्हणजे भिक्षूंची राहायची जागा, पूजेला चैत्य. अर्थात जपानात 1872 पासून भिक्षूंना लग्नाची मोकळीक, पुजारी बायकापोरांसकट आवारातच राहतात, म्हणजे विहारच झाला की :)

निळीशाई: लेणी राहू द्या. आमच्या वस्तीतलं विहार आम्ही 'ते विहार'च म्हणतो, तिथे दहावीचा अभ्यास केला, ताईचं लग्न तिथेच लागलं. कोश उघडून कोणी ठरवलं नव्हतं.

कडूकारलं: 'तो विहार'. पुल्लिंगी.

निळीशाई: तुमच्या कोशात असेल.

तिरपागडा: आला लिंगभेद, आता शंभर प्रतिसाद नक्की.

पाणपोई: अहो माझं वाक्य! आणि कबरींमागे उंच लाकडी फळ्या असतात, सोतोबा, तो शब्द स्तूपावरूनच गेलाय, वर सिद्धम् लिपीतली अक्षरंसुद्धा असतात. त्यांना काय म्हणू? फळी लिहिलं तर आई म्हणेल मांडणीची का.

खडीसाखर: ते बघू नंतर, पण लाळेरं! किती वर्षांनी वाचला हा शब्द. माझी सून बिब म्हणते.

कडूकारलं: लाळेरे. शेवटी मात्रा.

निळीशाई: बोलताना मात्रा कोण देतं हो?