मदत हवी आहे: अंध खेळाडूंची बुद्धिबळ स्पर्धा समोरासमोर घ्यायची आहे, मास्कमधून चाल नीट ऐकू कशी जाईल?

नमस्कार मंडळी,

बेळगावहून लिहितोय. माझा धाकटा भाऊ जन्मापासून पूर्ण अंध आहे आणि गेली बारा वर्षं बुद्धिबळ खेळतो. त्याच्या नादाने आम्ही चार-पाच जण मिळून दरवर्षी १५ ऑक्टोबरच्या, म्हणजे पांढऱ्या काठीच्या दिवसाच्या आसपास अंध खेळाडूंची एक दिवसाची स्पर्धा भरवतो. फार मोठी नसते. सोळा-अठरा खेळाडू, चार फेऱ्या, दुपारी पुरी-भाजी, जाताना प्रत्येकाच्या हातात कुंदा. खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाककडून पोरं येतात, पलीकडून, महाराष्ट्रातल्या चंदगडचेही तीन-चार जण असतात. करोनामुळे २०१९ नंतर ती झालेली नाही. यंदा, म्हणजे २०२१ ला, दसराच १५ तारखेला आलाय, १७ ला रविवार आहे. त्या दिवशी घ्यावी असं मनात आहे.

ऑनलाइन घ्या असं पुष्कळांनी सांगितलं. गेल्या वर्षी करून पाहिलं. स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय) असलेला फोन सगळ्यांकडे नाही. जांबोटी-कणकुंबीकडच्या एका मुलाला नेटवर्कसाठी घरापासून लांब टेकाडावर जावं लागायचं, सोबत वडील छत्री धरून उभे. तिसऱ्या डावानंतर त्यानेच नको म्हणून सांगितलं. आणि फोनवर पट हाताखाली नसतो. ज्याच्या बोटांना अख्खा डाव दिसतो त्याला आपण काचेच्या सपाट तुकड्यावर बसवतो, हे मला पटत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण अडचण त्यातच आहे. दोन्ही अंध खेळाडूंचा पट वेगवेगळा असतो. काळी घरं किंचित उंच, प्रत्येक घरात भोक, सोंगटीच्या तळाला खुंटी, आणि काळ्या सोंगट्यांना हाताला लागेल अशी खूण. सोंगटी नुसती चाचपली तर ती 'शिवली' असं होत नाही, भोकातून उपसली की शिवली. आपली चाल मोठ्याने सांगायची, समोरच्याने ती पुन्हा म्हणायची आणि आपल्या पटावर लावायची. घरांच्या उभ्या ओळींना ए, बी, सी म्हणत नाहीत, ही अक्षरं कानाला सारखी वाटतात म्हणून. अॅना, बेला, सेसार, डेव्हिड, एव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर असं म्हणतात.

म्हणजे बघा, एकमेकांच्या सोंगट्यांना हात लागण्याचा प्रश्नच येत नाही. आपापला पट घरून आणा म्हटलं की झालं. मला वाटलं होतं, याहून सुरक्षित खेळ नाही. पण गेल्या रविवारी आमच्या घरच्या सोप्यात तालीम घेतली आणि खरी गोम कळली.

भाऊ आणि गोकाककडचा एक मुलगा, पंधरा वर्षांचा. मध्ये सहा फुटांचं अंतर, दोघांना मास्क. तो कन्नड शाळेतला, त्यामुळे आकडे कन्नडमध्ये म्हणतो. आमच्याकडे हे नेहमीचंच आहे, भावाला कन्नड येतं, कधी अडलं नाही. पोराने चाल सांगितली, "आने, हेक्टर ऐदु." हत्ती, हेक्टर पाच. मास्कमधून भावाला ऐकू आलं 'एळु', म्हणजे सात. त्याने नियमाप्रमाणे परत म्हटलं, "हेक्टर एळु," आणि त्याच्या मास्कमधून पोराला ते 'ऐदु' ऐकू आलं. नऊ चाली दोघं दोन वेगळे डाव खेळत होते. भावाने हत्ती मारला म्हणून सांगितलं तेव्हा पोरगा गप्पच झाला. मग हळूच म्हणाला, "अण्णा, तिथे माझा हत्ती नाहीच."

अशा वेळी दोघांच्या नोंदी ताडून पाहायच्या आणि जिथपर्यंत त्या जुळतात तिथपर्यंत डाव मागे न्यायचा असा नियम आहे. मला ब्रेल वाचता येत नाही. त्या दोघांनीच कागद अदलाबदल करून बोटं फिरवली. एकाच्या कागदावर पाच, दुसऱ्याच्या सात. ब्रेलमध्ये पाचाला दोन टिंबं, साताला चार, आणि आकडे कन्नड शाळेत काय, मराठी शाळेत काय, सारखेच. (अक्षरांचंही तसंच आहे. भारती ब्रेलमध्ये मराठी 'क' आणि कन्नड 'क' यांची टिंबं एकच.) बोटांकडून चूक झालीच नव्हती. जे झालं ते मास्कमुळे कानात झालं.

हे दोघांत झालं. सभागृहात आठ डाव मांडले आणि मास्कमुळे सगळेच आवाज चढवून बोलायला लागले तर काय होईल याची कल्पना करा. अंतर वाढवलं तर अजून ओरडावं लागतं, आणि ओरडल्याने तोंडातून जास्त उडतं. खिडक्या उघड्या ठेवायच्या तर रस्त्यावरचे हॉर्न. मांडवात घ्यावी तर परतीचा पाऊस, ताडपत्रीवर सर आली की शेजारच्याचं बोलणं कळत नाही. मास्क काढून नुसती फेसशील्ड लावा असं एकाने सुचवलं, पण त्याने हवा अडत नाही. शिवाय निम्मी मुलं अठराच्या आतली आहेत, त्यांना करोनाची लस यंदा (२०२१) अजून सुरूच झालेली नाही. मोठ्यांतही कोविशिल्डच्या दोन डोसांत यंदा ठरवलेल्या ८४ दिवसांच्या अंतरामुळे बरेच जण एकाच डोसवर आहेत.

म्हणून पहिला आणि मुख्य प्रश्न हाच: मास्क न काढता चाल स्वच्छ ऐकू जाण्यासाठी कुणी काही केलंय का? कॉलरचा माईक आणि इअरफोन? वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांनी काय वापरलं?

दुसरं घड्याळ. दोन्ही खेळाडूंचा हात लागणारी ती एकच वस्तू. आमची घड्याळं जुनी, चावीची, काच काढलेली. काटे चाचपून वेळ बघायची, दर पाच मिनिटांना एक उंचवटा, पंधराला दोन. प्रत्येक चालीनंतर सॅनिटायझर लावला तर बोटं चिकट होतात आणि ब्रेलचा कागदही चिकटतो.

तिसरं, ने-आण. अंध माणूस सोबत्याचं कोपर धरून चालतो. गेलं दीड वर्ष आपण सगळ्यांना शिंक कोपरात द्या म्हणून सांगतोय! भाऊ आता खांदा धरतो, पण नवख्या स्वयंसेवकांना कसं शिकवायचं?

चंदगडकरांचं तर बोलायलाच नको. दोन डोस झाले असले तरी महाराष्ट्रातून कर्नाटकात येताना यंदा (२०२१) ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर, म्हणजे करोना चाचणीचा अहवाल, लागतो. एका दिवसाच्या खेळासाठी त्यांनी तालुक्याच्या गावी खेटे घालायचे, अहवाल वेळेत आला तर यायचं. ऑगस्टमध्ये सीमेवरच्या जिल्ह्यांना शनिवार-रविवारचा कर्फ्यू होता, तसा पुन्हा लागला तर सगळंच बारगळेल. त्यांना फोनवरून घ्यावं का, म्हणजे इथे मदतनीस त्यांच्या चाली सांगेल? न्याय्य होईल का ते?

भर, दोन दिवसांनी:

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

सोंगट्या प्रत्येक डावानंतर सॅनिटायझरने पुसा असं बऱ्याच जणांनी लिहिलंय. आपल्या पटाला आपलाच हात लागणार, त्यामुळे त्याची गरज नाही, आणि लाकडाचं पॉलिशही जातं. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनेही एप्रिलमध्ये सांगितलंय की पृष्ठभागावरून लागण होण्याचा धोका कमी आहे, खरा प्रश्न हवेचा. फेरीच्या आधी-नंतर साबणाने हात धुणं मात्र ठेवणार.

मदतनीसाने चाल सांगावी आणि घड्याळही त्यानेच दाबावं, ही सूचना सगळ्यात उपयोगी पडली. नियमांत ते बसतं. काल तसं खेळवून पाहिलं. मदतनीस मध्ये, जरा मागे सरकून बसला, खेळाडूंना हळू बोलता आलं, घड्याळाला एकाचाच हात. आकडे सगळ्यांनी इंग्रजीत म्हणायचे असंही ठरवलं, फाइव्ह आणि सेव्हन मास्कमधूनही वेगळे कळतात. त्या पोराने पहिल्या पाच चालींत तीनदा 'ऐदु' म्हटलं, मग त्याला सवय झाली. डाव बरोबरीत सुटला आणि भाऊ कितीतरी दिवसांनी मोकळा हसला.

पण मग आठ डावांना आठ मदतनीस लागतात. माणसं वाढली की गर्दीही वाढली, म्हणून सोळाच्या जागी बारा खेळाडू घेऊन सहा डाव मांडायचे, तेही दोन खोल्यांत, असा विचार चाललाय. कुणाला नको म्हणायचं हे माझ्याने ठरत नाहीये. पोरं फोन करून विचारतात, "दादा, यंदा आहे ना?" शिवमोग्ग्याच्या किशन गांगोळींनी २०१८ ला जकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत बुद्धिबळात सुवर्ण मिळवलं तेव्हापासून तर त्यांना हे किती जवळचं झालंय.

तर आता नेमकी मागणी. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मराठी-कन्नड दोन्ही येणारे, बुद्धिबळाच्या चाली ठाऊक असलेले आणि दोन्ही डोस झालेले सहा जण १७ तारखेला सकाळी आठ ते पाच हवे आहेत. आधीच्या रविवारी दोन तासांची तालीम घेऊ. काच काढता येण्यासारखी जुनी चावीची बुद्धिबळ घड्याळं कुणाच्या माळ्यावर पडली असतील तर तीही हवीत, आमच्या चारपैकी एकाची चावी फिरत नाही. इथे लिहा किंवा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी येऊन घेऊन जाईन.